मेडिया, त्या शपथेत पोरं कुठेयत?

मेडिया,

तुझं कॉरिंथहून आलेलं पत्र वाचलं. वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तू ग्रीक पुराणकथांतली, जादूची औषधं जाणणारी राजकन्या. नवरा जेसन तिथल्या राजाच्या, क्रेऑनच्या मुलीशी लग्न करतोय, क्रेऑनने तुला दोन मुलांसकट हद्दपार केलंय, हातापाया पडून तू कशीबशी एका दिवसाची मुदत मिळवलीयस आणि मला विचारतेस, "ह्या माणसाला जन्मभर लक्षात राहील असं काय करू?"

जेसनवर मी वेळ घालवणार नाही. आग ओकणारे बैल त्याने नांगराला जुंपले ते तुझा लेप अंगाला होता म्हणून, आणि कधीच न झोपणाऱ्या सापाला तू झोपवलंस म्हणून ज्यासाठी तो तुझ्या बापाच्या राज्यात आला होता ती सोन्याची लोकर त्याच्या हाती लागली, आणि आता हाच माणूस तोंड वर करून सांगतो की ते सगळं प्रेमदेवता अॅफ्रोडायटीने केलं, उलट तुला ग्रीसमध्ये राहायला मिळालं हा तुझाच फायदा. कृतघ्न आहे. विषय संपला.

मी अडकले ते तू घाईघाईत उरकलेल्या एका ओळीपाशी. अथेन्सचा राजा एजियस डेल्फीच्या देवळात कौल मागून येताना भेटला, त्याला मूलबाळ नाही, तू म्हणालीस मूल होईल असं औषध देते, आणि बदल्यात त्याने शपथ घेतली की अथेन्सला पोचलीस तर तुला कुणाच्याही हवाली करणार नाही. पुढे लगेच तू दुसऱ्या विषयावर गेलीस.

अगं पण त्या शपथेत तू एकटीच आहेस! समोरचा माणूस मूल नाही म्हणून देवाच्या दारी जाऊन आलाय, त्याला मूल द्यायचं तू कबूल करतेस आणि स्वतःच्या दोघांसाठी एक शब्द टाकत नाहीस? विसरले म्हणू नकोस. पृथ्वीची घे, माझ्या आजोबांची, सूर्याची घे, असं त्याला एकेक देव सांगून जी शपथ वदवून घेते ती बाई पोरांना विसरत नसते. मनात कुठेतरी तू ठरवलंयस की पोरं अथेन्सला येणारच नाहीत. हे तू स्वतःलासुद्धा अजून नीट सांगितलेलं नाहीस बहुतेक, म्हणून मी सांगतेय.

मला भीती का वाटते तेही ऐक. जेसनबरोबर माहेरून, कोल्खिसहून पळताना बापाची जहाजं मागे लागली तेव्हा हाताशी तुझा भाऊ होता, अप्सिर्टस. तू त्याचे तुकडे करून समुद्रात टाकलेस, आणि बाप ते गोळा करत मागे राहिला. बापाला कुठे दुखतं ते तुला बरोब्बर माहीत होतं. जेसनला कुठे दुखेल तेही तुला माहितीये. आणि ता.क. मध्ये लिहितेस की नवरीला तलम वस्त्र आणि सोन्याचा मुकुट पाठवतेयस, मुलांच्या हातून. तुझ्या हातची औषधं काय करतात ते सगळा ग्रीस जाणतो, राजा पेलियासच्या मुलींना विचारावं, म्हातारा बाप औषधाने तरुण होईल ह्या तुझ्या शब्दावर त्यांनी त्याचे तुकडे केले. ती भेट पोचल्यावर कॉरिंथचे लोक त्या दोन पोरांचं काय करतील ह्याचा विचार तू केलाच असशील, आणि त्याचाच मला राग येतो, प्रचंड राग येतो.

तुझ्यावर अन्याय झालाय, माहितीये मला. त्याबद्दल आज तुझ्यापाशी बसून रडणार नाही, आज वेळ नाहीये.

तो मुकुट पेटीत ठेव आणि कुलूप लाव. जेसन ओळखीपाळखीच्या लोकांना चिठ्ठ्या देतो, पैसे देतो म्हणाला होता ना आणि तू ते त्याच्या तोंडावर फेकलेस? जा, घे ते पैसे, मान खाली घालून घे, पोरांच्या वाटखर्चाला लागतील. दाईला बरोबर घे आणि आज रात्रीच मेगाराच्या वाटेने अथेन्सकडे निघ, चौघंही. एजियस म्हणालाय ना की कॉरिंथमधून बाहेर तुझी तू पड, मग पड. त्याच्या दारात पोचलीस की आधी दोन्ही पोरांना पुढे कर आणि तीच शपथ त्यांची नावं घेऊन त्याच्याकडून पुन्हा वदवून घे. औषधाचं त्यानंतर बोल.