तानपुऱ्याचा कान, पियानोची पिन

प्रश्न : सासऱ्यांचा जुना अपराइट पियानो घरात आहे. कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावलेला नाही. मी गाणं शिकले आहे, तानपुरा स्वतः लावते. ट्यूनिंग लिव्हर मागवला आहे, फोनवर अ‍ॅपही घेतलं आहे. पियानो मीच लावला तर चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळा पियानो लावायला घेऊ नका. पण लिव्हर परतही पाठवू नका.

तानपुऱ्याचा पंचम तुम्ही षड्जात पार मिसळेपर्यंत लावता. पियानोवर तसं केलंत तर सगळं बिघडेल. असे १२ शुद्ध पंचम एकापुढे एक लावत गेलं, तर सात सप्तकांनंतर स्वर सुमारे २४ सेंटने, म्हणजे अर्ध्या सुराच्या जवळपास पाव भागाने, चढा निघतो. ही वाढ बाराही पंचमांत वाटून टाकायची असते. म्हणून प्रत्येक पंचम २ सेंट उतरा ठेवायचा. मधल्या ‘सी’च्या खालचा ‘ए’ आणि त्याच्या वरचा ‘ई’ एकत्र वाजवले, की चार सेकंदांत साधारण तीन लाटा, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू यायला हव्यात. त्याच ‘ए’ला खालच्या ‘एफ’बरोबर वाजवलं, तर सेकंदाला सात. आम्ही ट्यूनर या लाटाच ऐकत असतो. ‘एफ’ला षड्ज मानलं तर ‘ए’ हा गंधार; तो तुम्हाला चढा वाटेल. वाटू दे, तो तसाच हवा.

अ‍ॅप हे सारं दाखवतं, पण पिन, म्हणजे तार गुंडाळलेली खुंटी, फिरवायचा हात तुमचाच. खरं कसब तिथे आहे. पिन लाकडी पिनब्लॉकमध्ये घट्ट ठोकलेली असते. लिव्हर ओढला की आधी तिचं डोकं पिळतं, बूड जागचं हलत नाही. स्वर चढलेला ऐकू येतो, अ‍ॅपही ‘बरोबर’ म्हणतं. तुम्ही लिव्हर काढता, पीळ सुटतो, स्वर खाली येतो. म्हणून बूड फिरल्याचं हाताला कळेपर्यंत ओढायचं, स्वर किंचित वर न्यायचा आणि मग हलक्या दाबाने मागे आणून बसवायचा. त्यानंतर पट्टी तीन-चारदा जोरात वाजवायची. तरी स्वर जागचा हलला नाही, तर पिन बसली. हे हातात यायला वर्षं जातात.

त्यात तुमचा पियानो बराच उतरलेला असणार. सुमारे २३० तारा, सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन. एका फेरीत तो ४४० वर (मधल्या ‘सी’च्या वरचा ‘ए’ सेकंदाला ४४० कंपनांवर) येत नाही. पुढच्या तारा ताणेपर्यंत साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची आवाज घुमवणारी लाकडी फळी, दबतो आणि आधी लावलेल्या पुन्हा उतरतात. पहिली फेरी ढोबळ, दुसरी बारीक. गंजलेली तार सरळ वर ओढली तर तुटू शकते. आम्ही ती आधी जराशी सैल करतो. गंजाची पकड सुटताना बारीकसा ‘टक्’ आवाज येतो, मगच वर घेतो.

ट्यूनर येऊन गेला, की तुमचं काम सुरू. मधल्या स्वरांना तीन-तीन तारा असतात. त्यातली एखादी घसरली, तर स्वर ‘वाँय वाँय’ करतो. तिघींपैकी एक तार रबरी पाचरीने बंद करा, म्हणजे दोनच वाजतील. लिव्हरचा दांडा जवळपास उभा ठेवा आणि इतका कमी फिरवा, की तो हलल्याचं डोळ्याला कळूही नये. इथे लाट पूर्ण थांबायला हवी, म्हणजे तुमचा तानपुऱ्याचा कान इथे पुरेपूर कामाला येईल. गॅरेजमधला पाना मात्र पिनला कधीही लावू नका. चौकोनी डोक्याचे कोपरे झिजले, की लिव्हर बसत नाही.

प्रश्न : नाताळात घरी गाणी असतात. ट्यूनर ऑगस्टमध्ये मोकळा आहे. तेव्हाच पियानो लावून घेऊ का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नको. दमट हवेने साउंडबोर्ड फुगतो आणि मधले स्वर चढतात. ऑगस्टमध्ये लावलेला पियानो हवा कोरडी होताच उतरेल. नोव्हेंबरअखेरची तारीख आत्ताच मागून ठेवा. आणि पियानो ओल येणाऱ्या भिंतीला टेकवलेला असेल, तर पावसाळ्याआधी आतल्या भिंतीकडे हलवा.