विहिरीत पोहणाऱ्या पोरांचीच जास्त काळजी घ्या

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. जिंतूरहून क्रूझर गाडी करून छत्रपती संभाजीनगरकडच्या वॉटर पार्कला एक दिवस जायचंय. सोबत साडीशिवाय काही न नेसणारी आई, दोन वहिन्या, बारकी लेकरं आणि विहिरीत पोहून तयार झालेले दोन पुतणे. तारीख कोणती धरू, डबा न्यावा का, आईचं काय करू, असं विचारलंत. आणि शेवटी लिहिलंत की पुतण्यांची काळजी नाही, ते पट्टीचे पोहणारे आहेत. मी तिथूनच सुरुवात करते, कारण मला जास्त काळजी त्यांचीच वाटते.

आपल्याकडची पोरं पाठीला डबा नाहीतर ट्यूब बांधून विहिरीत पोहायला शिकतात. पाणी दोन-तीन परस, म्हणजे दोन-तीन माणसं बुडतील एवढं खोल. सूर मारा, मुटका मारा, खाली हाताला काही लागत नाही. ती सवय अंगात मुरते. वॉटर पार्कचं पाणी कुठं गुडघ्याएवढं, कुठं कमरेएवढं, फार तर गळ्याएवढं. त्यात तळाला निळा रंग दिलेला, त्यामुळं खोलीचा अंदाज येत नाही. अशा पाण्यात डोकं खाली करून सूर मारला तर सगळा भार मानेवर येतो, आणि मानेचा मणका गेला की चांगला धडधाकट पोरगा कायमचा अंथरुणाला खिळतो. अमेरिकन रेड क्रॉस ९ फुटांपेक्षा कमी पाण्यात सूर मारू नका असं सांगते. तेवढं खोल तळं तुम्हाला तिथं सहसा दिसणारच नाही. म्हणून हे घरीच, आदल्या दिवशी सांगा. गेटातून आत शिरल्यावर पोरांच्या कानात काही शिरत नसतं.

घसरगुंड्यांवरही हीच पोरं उपद्व्याप करतात. डोकं पुढं करून सुटायचं, नाहीतर चौघं एकमेकांना धरून आगगाडी करायची. खरी रीत अशी: पाठीवर पडायचं, हात छातीवर, पायांची घोट्याजवळ कैची, आणि खाली पोचलं की लगेच बाजूला सरकायचं. मागून येणाऱ्याला ब्रेक नसतो. मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते, साधारण चार फूट. तिथं बारक्याला टाचा वर करायला लावून आत घुसवणारे बाप मी पाहिलेत. तुम्ही तसं करू नका. बारक्याला मांडीवर घेऊन घसरणं तर नकोच.

आता बारकी लेकरं. विहिरीवर एखादा काका कायम काठावर बसलेला असतो आणि पाण्यातली डोकी मोजत असतो. वॉटर पार्कात शिट्टीवाला जीवरक्षक असतो, पाणी उथळ असतं, घरची माणसं भरपूर असतात, म्हणून प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. त्यात हातात मोबाइल. यावर उपाय एकच: अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावा. ज्याची पाळी त्यानं फोटो काढायचे नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत, फक्त लेकरांकडं बघायचं. पाळी सोडताना पुढच्याला तोंडानं सांगून जायचं.

बुडणारं लेकरू ओरडत नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी हे फार बारकाईनं पाहून मांडलंय. बुडणारा माणूस पाण्यात उभा असतो, तोंड पाण्याच्या पातळीला वर-खाली होतं, श्वास घेण्यातच सगळा जीव जातो, हाक मारायला उरत नाही. २० ते ६० सेकंदांत तो खाली जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय.

हा धोका सगळ्यात जास्त लाटांच्या तळ्यात. लाटा सुरू व्हायचा भोंगा वाजला की सगळी गर्दी तिकडं पळते, ट्यूब एकमेकांवर आदळतात, उलटतात, आणि खाली कोण आहे ते कुणालाच दिसत नाही. काठाशी पाणी घोट्याएवढं असतं, जिकडून लाट सुटते तिकडं खोल होत जातं. सहा-सात वर्षांपर्यंतची लेकरं उथळ टोकालाच, तुमच्या हाताच्या अंतरावर, लाटेकडं तोंड करून. दंडाला लावायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

आणि वेळ आलीच तर पोट दाबून पाणी काढायचं, उलटं धरायचं, हे गावाकडचे प्रकार नकोत. त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर तोंडानं श्वास द्यायचा, छाती दाबायची, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन लावायचा.

तारखेचं म्हणाल तर मे महिन्याचा रविवार सोडा. आपल्या शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, त्यामुळं जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातला मधला वार मला बरा वाटतो, ऊनही जरा उतरलेलं असतं. पण वळवाचं आभाळ आलं, वीज चमकली, की कुणी सांगायची वाट न बघता पाण्याबाहेर या. मे मध्येच जायचं असेल तर गेट उघडताना आत शिरा, साडेबारापर्यंत खेळा, मग चार वाजेपर्यंत सावली धरा. पाण्यात असलं की घाम कळत नाही, तहानही कळत नाही, आणि संध्याकाळी लेकरू मळमळतं, डोकं धरून बसतं. दर तासाला दोन घोट पाणी पाजा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरचं मिश्रण बाटलीत असू द्या. चमचा चहाचा. चपला तळ्याच्या काठापर्यंत घालून जा, दुपारी तिथली फरशी पाय पोळते.

आईंचं. साडी, ओढणी, सुती कपडे घालून पाण्यात सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. पाणी पिऊन सुती कापड जड होतं, पायात गुरफटतं. तिथं भाड्याचे कपडे मिळतात, पण दमट असतात आणि मापाचे नसतात. लायक्राची पूर्ण पायाची लेगिंग आणि लांब बाह्यांचा टॉप बाजारातून आधीच घ्या. अंग झाकलेलं असलं की वहिन्याही मोकळेपणानं उतरतात. आईंना उतरायचंच नसेल तर आग्रह करू नका. फक्त बसणाऱ्याचं तिकीट वेगळं आहे का, सावलीत टेकायला जागा आहे का, हे फोन करून विचारा. आईंना बीपीचा किंवा हृदयाचा त्रास असेल, वहिनींपैकी कुणाला दिवस गेलेले असतील, तर घसरगुंड्या बंद. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, लेकराचा चांदीचा करदोडा, सगळं घरी ठेवून निघा.

एक मात्र होईल. आई ते पाणी बघून हळहळतील. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं आणि देशभर बातमी झाली. ज्यांनी टँकरमागं घागरी पळवल्यात त्यांना पाण्याची अशी मौज रुचत नाही. पार्कात तेच ते पाणी गाळून, क्लोरीन टाकून पुन्हा फिरवतात, एवढं आईंना सांगा. वाद घालू नका, त्यांचं चुकत नाही.

पाणी चांगलं की वाईट हे बघायची सोपी खूण: तळाची जाळी वरून स्वच्छ दिसली पाहिजे. डोळे झोंबवणारा उग्र वास म्हणजे औषध भरपूर टाकलंय असं लोक समजतात. तो वास घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून तयार होतो. म्हणून आधी अंगावर पाणी घ्या, लेकरांना शूला नेऊन आणा, आणि पोट बिघडलेलं लेकरू असेल तर त्याला त्या दिवशी पाण्यात सोडू नका.

डबा आत नेऊ देत नाहीत बहुतेक ठिकाणी. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवा. सकाळी जालन्याच्या अलीकडं थांबून पोटभर खा, आत दुपारी हलकं काहीतरी घ्या, उरलेलं परतीला. आणि त्याच दिवशी शिर्डीचं दर्शन उरकायचा बेत कुणी काढलाच तर तिथंच मोडा.

परतीला जालन्यापुढच्या मंठ्यापर्यंत अंधार होतो. ड्रायव्हरला दिवसभर पाण्यात खेळवू नका, दुपारी त्याला सावलीत झोपू द्या, आणि पाच वाजता गाडी हलवा.