टीप द्यावी की देऊ नये?

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा असून गेली चार वर्षे ह्यूस्टनमध्ये सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. प्रकल्प संपल्यानिमित्त सहकाऱ्यांनी मला प्रथम एका स्ट्रिप क्लबमध्ये नेले आणि त्यानंतर मी तेथे आणखी पाच-सहा वेळा गेलो. तेथील एका नर्तकीशी माझी थोडी ओळख झाली. गेल्या दोन भेटींत ती माझ्याशी बोलता बोलता मध्येच डुलकी घेत होती, पुन्हा दचकून जागी होत होती आणि सतत हात खाजवत होती. अंधुक उजेडातही तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत होत्या. तिने माझ्याकडे घरभाड्यासाठी दोनशे डॉलर मागितले. एक सहकारी म्हणतो की इथल्या सगळ्याच अशा असतात, मनावर घेऊ नकोस. दुसरा अशा अवस्थेतही तिला मुद्दाम खासगी खोलीत नाचायला बोलावतो, कारण तेव्हा ती कशाला नाही म्हणत नाही. मी पैसे द्यावेत का, मॅनेजरला सांगावे का, की पोलिसांना कळवावे? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : आपल्या दुसऱ्या सहकाऱ्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती ओझरती लिहिली आहे. जी स्त्री शुद्धीवर राहण्यासाठी धडपडत आहे तिच्या ‘नाही’ न म्हणण्याला संमती म्हणता येत नाही. पैसे मोजले, क्लब कायदेशीर आहे, हा तिचा व्यवसायच आहे, यांपैकी कोणत्याही युक्तिवादाने तिचे गप्प राहणे होकारात बदलत नाही. पुढच्या वेळी तो तिला आत बोलावू लागला तर त्याला तेथेच, सर्वांदेखत अडवा. पहिल्या सहकाऱ्याचे विधान खोटे आहे. अनेक नर्तकी कामावर असताना दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत, कारण त्यांची कमाई आणि सुरक्षितता दोन्ही सावधपणावर अवलंबून असतात.

तुम्ही वर्णन केलेली लक्षणे हेरॉइन, मॉर्फीनसारख्या अफूवर्गीय पदार्थांशी जुळतात. अंधारात बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. त्या बारीकच राहिल्या आणि सोबत डुलक्या व खाज असेल तर शंका घ्यायला जागा आहे. (कोकेन किंवा मेथ म्हणजे मेथॲम्फेटामीन, या उत्तेजक पदार्थांमध्ये बाहुल्या उलट विस्फारतात आणि माणूस अखंड बोलत सुटतो.) तरीही हे निदान नव्हे, आणि ते करणे तुमचे कामही नाही.

तिचे अर्थकारण मात्र समजून घ्या, कारण दोनशे डॉलरच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. अमेरिकेतील बहुतेक क्लब नर्तकीला नोकर मानत नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार मानतात. त्यामुळे पगार क्लब देत नाही. उलट तीच प्रत्येक पाळीला क्लबला ‘हाउस फी’ भरते आणि रात्र संपल्यावर डीजे, बाउन्सर वगैरेंना वाटा देते. म्हणजे पहिला ग्राहक येण्यापूर्वीच ती उणे खात्यात असते. अनेक न्यायालयांनी हे वर्गीकरण चुकीचे ठरवले, तरी प्रथा चालूच आहे. कंत्राटदाराला आजारपणाची पगारी रजा नसते आणि मालकाकडून आरोग्य विमाही मिळत नाही. आता यात व्यसन मिळवा. हेरॉइनसारख्या पदार्थाचा शेवटचा डोस घेतल्यापासून साधारण आठ ते चोवीस तासांत शरीर बंड करू लागते : अंग मोडून येणे, उलट्या, जुलाब, कापरे. आपल्याकडचे व्यसनी याला ‘टर्की’ म्हणतात. त्या दिवशी कामावर गेले नाही तर फीचे पैसे नाहीत, आणि जायचे तर डोस हवा. उंच टाचांवर सहा-आठ तास काढल्यावर दुखणारे गुडघे आणि ग्राहकामागून ग्राहकाला हसतमुखाने ऐकून घेण्याचा शीण, हीदेखील कारणे आहेतच. पण फीचा हा फास मला अधिक निर्णायक वाटतो.

म्हणून दोनशे डॉलर देऊ नका. ते नशेवरच जातील असा माझा दावा नाही. कदाचित खरोखर भाड्यावरही जातील. पण ग्राहकाने दिलेल्या अशा पैशाला मागाहून अटी चिकटतात. आज भाड्यासाठी दिलेत की उद्या तुम्ही विचाराल, ‘पुन्हा घेतलेस का?’ तिला उत्तर द्यावे लागेल, आणि उत्पन्न टिकवायचे तर ते तुम्हाला हवे तसे असावे लागेल. व्यसनमुक्तीच्या कामात मी असे उद्धारकर्ते पुष्कळ पाहिले आहेत. रुग्ण घसरला की सर्वांत आधी चिडतात ते हेच. कामाचे जे होतात ते पैसे आणि नेहमीची टीप अवश्य द्या. ती पेंगत असेल तर नाच थांबवा, ‘वेळेचे पैसे तुम्हाला मिळतील, तुम्ही बसा’ एवढेच म्हणा आणि खरोखर द्या.

एक गोष्ट मात्र तिच्यासाठी कधीही विकत घेऊ नका, ती म्हणजे दारू. नर्तकीला पेय पाजणे हा तेथील शिष्टाचार आहे आणि काही क्लबांमध्ये त्या पेयावर तिला कमिशनही मिळते, त्यामुळे ती स्वतःच मागेल. पण अफूवर्गीय पदार्थ आणि दारू दोन्ही श्वास मंदावतात, आणि एकत्र आल्यावर श्वास पूर्ण थांबू शकतो. बाजारात मिळणाऱ्या बनावट गोळ्यांत बहुधा फेंटानिल हा कृत्रिम अफूवर्गीय पदार्थ असतो. तो हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र आहे. २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी अमेरिकेत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे मेली. तुमच्या सौजन्याच्या एका ग्लासाने तोल जाऊ शकतो.

ती हाक मारूनही उठत नसेल, ओठ-नखे निळसर असतील किंवा घोरल्यासारखा, अडकत श्वास येत असेल तर ती ‘झोपली आहे’ असे कोणाचेही ऐकू नका. बाउन्सरला ओरडून बोलवा आणि ९११ ला फोन लावा. नॅलोक्सोन हे अफूवर्गीय पदार्थांचा परिणाम उतरवणारे औषध आहे. त्याचा नाकात मारायचा फवारा मार्च २०२३ मध्ये चिठ्ठीशिवाय विकण्यास मान्यता मिळाली. तो औषधाच्या दुकानातून घेऊन गाडीत नव्हे, खिशात ठेवा. दोन-तीन मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरी मात्रा द्या. नशा अफूवर्गीय नसली तरी त्याने अपाय होत नाही. त्याचा परिणाम तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून ती उठून बसली तरी रुग्णवाहिका परत पाठवू नका.

पोलिसांना केवळ नशेची तक्रार करू नका. त्याने तिच्यावर गुन्हा दाखल होईल, उपचार मिळणार नाहीत. अतिमात्रेच्या वेळी फोन करणाऱ्याला अमली पदार्थ बाळगल्याच्या खटल्यापासून मर्यादित संरक्षण देणारा कायदा तुमच्या टेक्सास राज्यात २०२१ पासून आहे, पण त्याच्या अटी कडक आहेत. तुमच्यासारख्या, स्वतःजवळ काहीही न बाळगणाऱ्याने व्हिसाच्या धास्तीने फोन टाळण्याचे कारण नाही. मॅनेजरकडे चुगली केल्यास बहुधा तिची हकालपट्टी होते आणि ती याहून वाईट क्लबात जाते. वॉशिंग्टन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून क्लबांवर प्रशिक्षण, सुरक्षारक्षक आणि धोक्याच्या वेळी दाबायच्या बटणांची सक्ती केली, फीवर मर्यादाही घातली. असे नियम असलेल्या ठिकाणी मॅनेजरला सांगण्याला काही अर्थ उरतो.

उपचाराविषयी एकदाच, खासगी खोलीबाहेर, साध्या शब्दांत सांगा. राष्ट्रीय मदतवाहिनी १-८००-६६२-४३५७ ही विनाशुल्क आणि चोवीस तास चालू असते. ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय व्यसनावरचे औषध लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारी विशेष परवानगी २०२२ च्या अखेरीस रद्द झाली, त्यामुळे ते साध्या दवाखान्यातही मिळू शकते आणि त्यासाठी काम सोडून महिनाभर कोठे दाखल व्हावे लागत नाही. क्रमांक द्या आणि विषय सोडा. पुढच्या भेटीत चौकशी करू नका.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. पाच-सहा भेटींनंतर तुम्हाला तिची काळजी वाटू लागली हे खोटे नाही, पण तुमचे ऐकून घेणे हा तिच्या कामाचा भाग आहे, याचा विसर पडू देऊ नका. परदेशातील एकटेपणासाठी बोलायला दुसरे कोणी शोधा.

प्रश्न : आपल्याकडील डान्स बारमध्येही बारबालांना व्यसन लागते असे ऐकतो. मग २००५ ची बंदी योग्यच नव्हती का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : नव्हती, निदान या कारणासाठी तरी नव्हती. ती बंदी उच्च न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला आणि २०१९ मध्ये २०१६ च्या नव्या कायद्याच्या अनेक अटीही शिथिल केल्या; टीप देता येते, नोटा उधळता येत नाहीत. आपला बार आणि तिकडचा क्लब यांत फरक पुष्कळ आहे, आपल्याकडे नर्तकी कपडे उतरवत नाही. पण ग्राहकाचा पैसा, दारू आणि रात्रपाळी यांची सांगड दोन्हीकडे तीच आहे. काम काढून घेतल्याने व्यसन सुटत नाही. घरखर्च मात्र थांबतो. एखाद्या मुलीला उपचार हवे असतील तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग आहे. तेथे फोन तिने स्वतः करावा. तुम्ही केलात तरी पहिला प्रश्न हाच येईल की तिची तयारी आहे का.