"आमच्या घरात कुणी धंदा केलेला नाही, मला जमेल का?"

सोलापुरात महाविद्यालयीन मुलांचं समुपदेशन करताना हा प्रश्न हमखास येतो. भांडवल नाही, ओळखी नाहीत आणि घरचे म्हणतात, आधी नोकरी बघ.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी हेच घेऊन आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) आईच्या हातची शेंगा चटणी तिला विकायची होती. व्यवसाय आराखड्याला वर्गात उत्तम गुण मिळालेले. पण दुकानदाराशी बोलायचं म्हटलं की घशाला कोरड. "पैसे बुडाले तर बाबांना काय तोंड दाखवू, मॅडम?"

खरी भीती इथे होती. मी विचारलं, "किती गेले तर घरात कुणाला झळ बसणार नाही?" थोडा विचार करून म्हणाली, "पाचशे." मग सगळं पाचशेतच बसवायचं ठरलं. अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात, याचा अभ्यास उद्योजकतेच्या संशोधक सरस सरस्वती यांनी केला आहे. नफ्याचे अंदाज बांधण्यापेक्षा ही माणसं आधी किती तोटा सोसेल ते बघतात, असं त्या मांडतात. मुलांना हे सांगितलं की त्यांचा जीव बराच हलका होतो.

पुढचं काम मी मुद्दाम तिच्याहून एक वर्ष पुढच्या मुलीकडे सोपवलं. ही मुलगी एम.कॉम. करता करता घरच्या कडक भाकऱ्या मेसला पुरवते. दोघी वही घेऊन बसल्या. शेंगदाणे, लसूण, तिखट, गॅस असा हिशोब झाला. ताई म्हणाली, "पिशवी? लेबल? आणि आईने उखळात कुटलं, ते फुकट?" ठरवलेल्या भावात प्रत्येक पाकिटामागे तोटाच होता. मी हे सांगितलं असतं तर हिने मुकाट्याने मान डोलावली असती. ताईशी मात्र ती वाद घालायला लागली, आणि मला तेच हवं होतं. यशस्वी उद्योगपतींच्या भाषणाला मुलं टाळ्या वाजवतात, पण कालपरवा त्याच पायरीवर अडखळलेल्या ताईला ती अडाणी वाटणारे प्रश्नही विचारतात.

खाद्यपदार्थ विकण्याआधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत असते, त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नकोस, हेही ताईनेच सांगितलं.

पहिल्या दुकानदाराने पाकीट परत केलं. ती रडवेली होऊन आली. ताईने पाकीट हातात घेतलं. चटणीचं तेल पातळ पिशवीतून झिरपून लेबलवरची शाई पसरली होती. "चटणीला नाही, पिशवीला नको म्हणालाय तो." जाड पिशवी घेतल्यावर दुसऱ्या दुकानदाराने, विकल्यावर पैसे देईन, या बोलीवर माल ठेवून घेतला. पाचशेतले काही अजून सुटायचे आहेत.

कॅम्पस मुलाखतींनाही ती बसणार आहे. मी अडवलेलं नाही. वडिलांची काळजी खोटी नाही. हिशोबाची ती वही मुलाखतीला सोबत ने, एवढं मात्र सांगितलं.