तोंडी सगळं येतं, वही कोरी

प्रश्न : ताई, मुलगा पाचवीत आहे. तोंडी काहीही विचारा, फाडफाड उत्तर देतो, बंद पडलेला टेबलफॅन खोलून त्याने परत चालू केला. पण वही बघवत नाही. काना-वेलांटी गायब, 'कमळ'चं 'कळम', फळ्यावरचं अर्धंच उतरवतो. वर्गात वाचायला उभं केलं की पोरं हसतात, आता रोज सकाळी पोट दुखतं म्हणतो. ह्यांचं म्हणणं, लाड जास्त झालेत. परवा विचारत होता, आई मी ढ आहे का गं? – एक आई, सांगली

उत्तर : लाडाचा काही संबंध नाही हो, आणि ढ तर मुळीच नाही. हा डिस्लेक्सिया असू शकतो, पण ते तपासणीनंतरच कळेल. बुद्धी चांगली असते, अक्षर आणि आवाजाची सांगड घालताना मेंदूला जास्त कष्ट पडतात.

चुकलेला शब्द 'दहा वेळा लिही' असं सांगत असाल तर आधी ते बंद करा, त्याने चुकीचंच पक्कं होतं आणि पोर रडकुंडीला येतं. विज्ञानाचा धडा तुम्ही वाचून दाखवा, त्याला त्याच्या शब्दात सांगू दे, तो बोलेल ते तसंच मोठ्या अक्षरात कागदावर उतरवा आणि मग तेच त्याला वाचायला द्या. वाक्यं स्वतःचीच असल्यामुळे अडखळला तरी पुढचा शब्द सुचतो, मुलं खुलतात यात. पंधरा मिनिटं पुरे. नुसतं 'शाबास शाबास' करू नका, खोटं कौतुक मुलांना लगेच कळतं, काय जमलं ते नेमकं सांगा.

बाईंना भेटा. अचानक उभं करू नका, वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी द्या आणि विज्ञानात शुद्धलेखनाचे मार्क कापू नका, एवढंच मागा.

डोळे-कान तपासून मग एलडीची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण) तपासणी करा. मुंबईत सायन, नायर हॉस्पिटलला होते, तुमच्याकडे सिव्हिलमध्ये चौकशी करा. शिक्का बसेल म्हणून लोक टाळतात, पण वर्गात 'ढ'चा शिक्का बसलाच आहे की! २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे येतं, सर्टिफिकेट असलं की दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तेव्हा दहावीच्या तोंडावर धावपळ नको, आत्ताच करा आणि रिपोर्टची झेरॉक्स शाळेत देऊन पोच घ्यायला विसरू नका.