सैन्य दुरावलेला सेनापती : एव्हियाँच्या वाटाघाटींविषयी वाचकांचे प्रश्न

जिनिव्हा सरोवराच्या फ्रेंच काठावर एव्हियाँ हे छोटे गाव आहे. १८ मार्च १९६२ रोजी तेथे क्रिम बेलकासेम यांनी अल्जेरियाच्या वतीने फ्रान्सबरोबरच्या ९३ पानी करारावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता, सात वर्षांहून अधिक काळ चाललेले युद्ध अधिकृतपणे थांबले. त्या वाटाघाटींविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत.

प्रश्न : क्रिम हे डोंगरात लढलेले बंडखोर. शिष्टमंडळात वकील आणि डॉक्टर असताना त्याचे नेतृत्व त्यांच्याकडेच का देण्यात आले?

अल्जेरियाच्या डोंगराळ काबिली प्रांतात १९२२ साली जन्मलेल्या क्रिम यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच सैन्यातच कॉर्पोरल म्हणून नोकरी केली होती. १९४७ मध्ये, म्हणजे उठावाच्या सात वर्षे आधी, ते शस्त्र घेऊन डोंगरात गेले आणि फ्रेंच न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला. १ नोव्हेंबर १९५४ चा उठाव ज्या सहा जणांनी आखला, त्यांत ते होते. वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा त्या सहांपैकी दिदूश, बेन बुलैद आणि बेन महिदी मारले गेले होते, तर बूदियाफ आणि बिता फ्रान्सच्या कैदेत होते. जिवंत आणि मोकळे असे क्रिम एकटेच उरले होते. तडजोडीच्या कागदावर सही करणाऱ्या माणसाला 'तू कधी लढलास?' असे कोणी विचारू शकणार नाही, याची, बंडखोरांनी परदेशातून चालवलेल्या हंगामी सरकारला गरज होती. कलमांची भाषा घडवण्याचे काम बूमंजेल यांच्यासारखे वकील आणि साद दहलाब यांच्यासारखे कसलेले राजकारणी करू शकत होते. क्रिम यांची साक्ष मात्र दुसरा कोणी देऊ शकत नव्हता.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही आणि माझ्या मते सारे प्रकरण तिच्यावाचून कळत नाही. १९५७ मध्ये अल्जिअर्स सोडल्यापासून क्रिम देशाबाहेर होते. १९५९ च्या मोठ्या फ्रेंच मोहिमांनी काबिलीतील त्यांच्या जुन्या तुकड्या मोडून काढल्या होत्या. शाबूत राहिलेले सैन्य ट्युनिशिया आणि मोरोक्कोच्या बाजूला, फ्रेंचांनी सीमेवर उभारलेल्या विजेच्या कुंपणांपलीकडे अडकलेले होते, आणि १९६० पासून ते हुआरी बूमेदियन यांच्या हुकमतीखाली होते. एव्हियाँला बसलेल्या सेनापतीच्या हाती सैन्य नव्हते. शिवाय बूमेदियन यांचे दोन अधिकारी, काइद अहमद आणि अली मेंजली, पहिल्या फेरीत त्यांच्याच शिष्टमंडळात होते, त्यामुळे समोर फ्रेंच मंत्री लुई जॉक्स आणि शेजारी आपल्याच बाजूचे पारखणारे डोळे, अशा स्थितीत त्यांना बोलावे लागत होते.

प्रश्न : चर्चा चालू असताना माणसे मरत होती. आधी युद्धविराम करून मग बोलणे अधिक मानवी ठरले नसते का?

हा प्रश्न मलाही छळतो, आणि त्याचे उत्तर मलाँ येथील अनुभवात आहे. जून १९६० मध्ये पॅरिसजवळच्या या शहरात दोन अल्जेरियन दूत गेले. त्यांना सरकारी इमारतीत जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले, पत्रकारांशी बोलू दिले नाही, आणि शस्त्रे कशी खाली ठेवायची एवढ्याच विषयावर चर्चा होईल असे सांगण्यात आले. चार-पाच दिवसांत ती भेट निष्फळ ठरली. त्यातून हंगामी सरकारने जो धडा घेतला तो क्रिम यांनी शेवटपर्यंत सोडला नाही : देशाचे भवितव्य ठरण्याआधी बंदुका थांबल्या, तर ज्याच्यासाठी लढलो तेच बोलण्यातून गळून पडेल.

२० मे १९६१ रोजी एव्हियाँची पहिली फेरी सुरू झाली, तेव्हा फ्रान्सने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला आणि सुमारे सहा हजार कैदी सोडण्याची घोषणा केली. जगापुढे हे उदार पाऊल दिसत होते आणि ते नाकारणारा आडमुठा ठरणार होता. क्रिम यांनी तरीही नकार दिला. देशातील गनिमी तुकड्या एवढ्या क्षीण झाल्या होत्या, की एकदा थांबल्यावर त्या पुन्हा उभ्या करणे अशक्य होते. आणि हे फ्रेंच सेनाधिकाऱ्यांनाही ठाऊक होते. क्रिम यांचा खरा आधार वेगळाच होता. डिसेंबर १९६० मध्ये अल्जिअर्सच्या रस्त्यांवर स्वातंत्र्याचे झेंडे घेऊन सामान्य माणसे लोटली होती, आणि चार लाखांहून अधिक सैन्य ठेवूनही देश आपल्या बाजूने वळत नाही हे त्या दिवसांत फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना कळून चुकले होते.

त्यांचा नकार मला योग्य वाटतो. परंतु त्या नकारानंतरच्या दहा महिन्यांत दोन्ही बाजूंची जी माणसे गेली, त्यांचा हिशेब या योग्यतेत धरावाच लागतो, आणि तो धरल्यावर मन स्वस्थ राहत नाही.

प्रश्न : बोलणी दोनदा मोडली ती सहारामुळे, असे वाचले. वाळवंटासाठी एवढा हट्ट कशाला?

कारण त्या वाळवंटाखाली तेल होते. १९५६ मध्ये हासी मसऊद येथे तेल आणि हासी र'मेल येथे नैसर्गिक वायू सापडला. १९६० मध्ये सहारातीलच रेगान येथे फ्रान्सने आपला पहिला अणुस्फोट केला. स्वातंत्र्य उत्तरेकडील अल्जेरियाला मिळेल, सहारा हा वेगळा प्रश्न आहे, अशी फ्रान्सची भूमिका होती. उत्तरेतही युरोपीय वस्तीचा पट्टा वेगळा काढण्याची, म्हणजे फाळणीची, भाषा अधूनमधून ऐकवली जात होती. १३ जून रोजी फ्रान्सने चर्चा स्थगित केली. जुलैत जवळच्या लुग्राँ येथे ती पुन्हा सुरू झाली आणि सहारावरच अडून आठवड्याभरात अल्जेरियन बाजूने ती थांबवली.

येथे क्रिम यांच्या चिवटपणाला दाद द्यावी लागेल. सैन्य दुबळे, सहकारी संशयी, आणि समोरचा पक्ष उत्तरेचा सारा प्रदेश देऊ करत असताना, चार-पंचमांशाहून अधिक भूभाग असलेल्या, पण तुरळक वस्तीच्या प्रदेशासाठी बोलणी मोडू देणे सोपे नव्हते. ५ सप्टेंबर १९६१ रोजी द गॉल यांनी पत्रकार परिषदेत सहाराच्या सार्वभौमत्वावरील दावा सोडला, आणि तेथून पुढचा रस्ता मोकळा झाला.

प्रश्न : मग अल्जेरियाने काय सोडले?

बरेच काही. फेब्रुवारी १९६२ मध्ये स्विस सीमेजवळच्या ले रूस या बर्फाळ ठिकाणी गुप्त बैठका झाल्या आणि तेथे बहुतेक मसुदा ठरला. मर्स-अल-कबीरचा नाविक तळ फ्रान्सकडे १५ वर्षे, सहारातील चाचणीकेंद्रे ५ वर्षे, तेल कंपन्यांचे हक्क कायम, आणि सुमारे दहा लाख युरोपीय रहिवाशांना नागरिकत्व निवडण्यास तीन वर्षांची मुदत. लिबियातील त्रिपोली येथे भरलेल्या चळवळीच्या राष्ट्रीय परिषदेत हा मसुदा प्रचंड बहुमताने मंजूर झाला. विरोधात फक्त चार मते पडली, पण त्यांत बूमेदियन, काइद अहमद आणि मेंजली यांची मते होती. सीमेवरच्या सैन्याने त्या दिवशी आपली वेगळी वाट उघड केली.

मुदतीच्या या सवलती फार काळ टिकणार नाहीत, हा क्रिम यांचा अंदाज चुकला नाही. फ्रान्सने मर्स-अल-कबीर १९६८ मध्येच सोडले आणि १९७१ मध्ये अल्जेरियाने फ्रेंच तेल कंपन्यांमधील ५१ टक्के हिस्सा ताब्यात घेतला.

प्रश्न : या कराराचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे. ज्या १ नोव्हेंबर १९५४ ला अल्जेरियात उठाव झाला, त्याच दिवशी पाँडिचेरीचा प्रत्यक्ष कारभार भारताच्या हाती आला. हस्तांतराचा तह १९५६ मध्ये झाला, पण अल्जेरियात युद्ध चालू असताना साम्राज्याचा तुकडा कायदेशीररीत्या सोडण्यास फ्रेंच संसद तयार नव्हती. एव्हियाँनंतर ती अडचण उरली नाही आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम कायद्यानेही भारताचे झाले.

प्रश्न : कोणावरही सूड उगवला जाणार नाही असे करारात लिहिलेले असताना फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या हार्कींची कत्तल कशी झाली?

कलम होते, परंतु ते पाळून घेण्याचे बळ सही करणाऱ्यांपैकी कोणाकडे नव्हते आणि इच्छा फारच थोड्यांकडे होती. करारानंतर ओएएस या फ्रेंच वसाहतवादी गुप्त संघटनेने बॉम्बस्फोट आणि खुनांचे सत्र वाढवले. युरोपीय रहिवासी घरे टाकून बोटी गाठू लागले आणि त्या एका वर्षात सहा लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. हार्कींना मात्र फ्रान्सने आणले नाही. उलट, ठरवून दिलेल्या मार्गाखेरीज कोणी त्यांना आणू नये असे आदेश मे १९६२ मध्ये निघाले, आणि ते देणाऱ्यांत एव्हियाँला सही करणारे जॉक्सही होते. इकडे अनेकांनी शेवटच्या क्षणी क्रांतिकारक होऊन हार्कींवर आपली निष्ठा सिद्ध केली. हजारो माणसे हालहाल करून मारली गेली. या पापाचे वाटेकरी दोन्ही देश आहेत, आणि क्रिम ज्या सरकारचे मंत्री होते तेही त्यातून सुटत नाही.

प्रश्न : स्वातंत्र्यानंतर क्रिम यांना सत्ता का मिळाली नाही?

१ जुलै १९६२ च्या सार्वमतात ९९ टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. फ्रान्सच्या कैदेतून सुटलेले चळवळीचे नेते बेन बेला यांनी बूमेदियन यांच्याशी हातमिळवणी केली आणि सप्टेंबरमध्ये सीमेवरचे सैन्य अल्जिअर्समध्ये शिरले. क्रिम काबिलीतील तिझी-उझू येथून विरोध करू पाहत होते, पण सैन्यापुढे सहीचे बळ पुरले नाही. ते निष्कलंक होते असेही मी म्हणणार नाही : १९५७ मध्ये चळवळीतील अत्यंत बुद्धिमान नेते अबान रमदान यांना त्यांच्याच सहकाऱ्यांनी मोरोक्कोत नेऊन गळा आवळून मारले, त्या प्रकरणात क्रिम यांचेही नाव घेतले जाते, आणि चळवळीच्या मुखपत्राने अबान रणांगणावर पडले असे छापले होते.

१९६५ मध्ये बूमेदियन यांनी बेन बेला यांनाही हटवले. परदेशात राहून क्रिम यांनी विरोधी पक्ष उभारला, तेव्हा स्वतंत्र अल्जेरियाच्या न्यायालयाने त्यांना पुन्हा गैरहजेरीत मृत्युदंड दिला. ऑक्टोबर १९७० मध्ये फ्रँकफर्टच्या एका हॉटेलात त्यांचा मृतदेह सापडला. त्यांचाही गळा आवळलेला होता. चौदा वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांच्या अस्थी मायदेशी आणून अल्जिअर्सच्या अल-आलिया दफनभूमीत, हुतात्म्यांच्या चौकात पुरण्यात आल्या. बूमेदियन यांची कबर १९७८ पासून त्याच दफनभूमीत आहे.