तांब्या-पेल्याचं चित्र सपाटच दिसतं, काय सराव करावा?

तुम्ही लिहिलंय की तांब्या, पेला, डबा रोज काढता, शेडिंगही भरपूर करता, तरी वस्तू कागदाला चिकटूनच राहते. माझं ऐकाल तर काही दिवस शेडिंग बंद ठेवा. घनता, म्हणजे वस्तूचा भरीवपणा, बहुतेक वेळा रेषेतच हरवलेली असते. मग ६बीची मऊ, गडद पेन्सिल कितीही घासा.

तुमचं एखादं जुनं चित्र काढून बघा. पेल्याचं तोंड छान लंबगोल आणि बूड मात्र पट्टीनं आखल्यासारखं सरळ, असं झालंय का? एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी करणारी कितीतरी मुलं हेच करतात. टेबल सपाट आहे हे डोक्यात पक्कं असतं, म्हणून हातही सपाट चालतो. खरं तर आपण वरून बघत असतो, त्यामुळे बुडाचा लंबगोल तोंडापेक्षा जरा जास्तच उघडा दिसतो, कारण तो डोळ्यांच्या पातळीपासून आणखी खाली असतो.

हे पटायला एक सरळसोट बाटली घ्या आणि तिला चार-पाच रबरबँड अंतराअंतरावर आडवे चढवा. मधला रबरबँड बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर ती ठेवा आणि एक डोळा मिटून बघा. मधला नुसती आडवी रेघ दिसेल. खालच्यांची पुढची कड खाली झुकलेली आणि वरच्यांची वर कमान टाकलेली. आता काढताना प्रत्येक रबरबँडची मागची, न दिसणारी बाजूही काढा, जणू बाटली काचेची आहे. मनगट नाही, कोपरापासून हात फिरवा. लंबगोलाची दोन्ही टोकं वळलेली हवीत. टोकदार झाली की गोलाई गेलीच.

मग कांदा. बाह्यरेषा न काढता फक्त सालीवरच्या उभ्या शिरा काढायच्या. मधली जवळजवळ सरळ, बाजूच्या अधिकाधिक वाकलेल्या, आणि कडेला तर दाटीवाटीनं. एवढ्यावरच कांदा फुगीर दिसायला लागतो. (हा माझा सगळ्यात आवडता सराव, शिवाय नंतर भाजीला उपयोगी.)

शेडिंगकडे यानंतर वळा, तेही अंड्यापासून. ट्यूबलाइट बंद करून एकाच बाजूनं खिडकीचा किंवा टेबललॅम्पचा उजेड घ्या आणि अंडं पांढऱ्या कागदावर ठेवा. सर्वांत गडद पट्टा कडेला नसतो, थोडा आत असतो. कडेला कागदावरून परतलेला मंद उजेड येतो. कडच काळी केली की अंडं चपटं झालंच समजा. पडछाया मात्र अंडं टेकतं तिथेच सर्वांत काळी. बोटानं घासून गुळगुळीत करू नका, रेघा गोलाईबरोबर वळवा.

स्टीलचा तांब्या अगदी शेवटी. त्यात छटा हळूहळू बदलत नाहीत; खिडकी, भिंत, तुमचा शर्ट असं सगळं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत दिसतं. त्या पट्ट्या पोटावर कशा वाकतात तेवढंच काढा, उगाच सगळीकडे करडं फासू नका.